सावंतांवर चिडलेली कावळीण

उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाल्याची मेल आली, तेव्हा संघमित्रा तायडेच्या डोळ्यांसमोर एकदम बिबट्याच उभा राहिला. मेलमध्ये ‘शहरी वन्यजीव’ असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यातला ‘शहरी’ तिने वाचून सोडून दिला आणि ‘वन्यजीव’ घट्ट धरून ठेवला. बोरिवलीच्या जंगलात जायचं, झाडांना कॅमेरे बांधायचे, पहाटे ओल्या मातीत पंजे शोधायचे असं सगळं तिचं ठरूनही गेलं. तिने जाड तळाचे बूट आणले आणि सहा खिशांची खाकी पँटही आणली. त्या खिशांत काय घालायचं हे ठरायचं होतं.

एस.वाय.ची परीक्षा संपल्या संपल्या संस्थेत पहिली बैठक झाली. रेवती मॅडम तिथे पीएचडी करत होत्या आणि इंटर्न मुलांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बोलायला मऊ, पण एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायच्या नाहीत. त्यांनी यादी न बघताच कामं वाटली.

“सर्वेश, तू गोराईला. चिखलातले खेकडे. संघमित्रा, तू मुलुंड ईस्ट. कावळ्यांची घरटी.”

“कावळे?” संघमित्राने विचारलं.

“कावळे. एप्रिल-मे त्यांचा घरट्यांचा सीझन. शिवाय घाटकोपरहून मुलुंड तुला सोपं पडेल.”

आयुष्यात पहिल्यांदाच घर जवळ असल्याचं तिला वाईट वाटलं. शेजारी बसलेला सर्वेश बोरिवलीचा. त्याने वहीत खेकड्याचं लॅटिन नाव लिहून त्याखाली दोन रेघाही ओढल्या होत्या. बाहेर पडताना तो म्हणाला, “टेन्शन नको घेऊस गं. कावळा पण तसा पक्षीच आहे.”

घरी बातमी सांगितली तर तिचे पप्पा आधी हसले, मग बायकोकडे बघून गप्प झाले. पप्पांचं, म्हणजे किरण तायडेंचं काम लिफ्टच्या देखभालीचं. त्यामुळे मुलुंड-भांडुपच्या निम्म्या सोसायट्या त्यांनी आतून-बाहेरून पाहिलेल्या. आई, जया, विमा कंपनीच्या ऑफिसात. तिने हसणं टाळलं खरं, पण दुसऱ्या दिवशी शेजारीण जिन्यात भेटली आणि तिने विचारलं, “पोरगी रिसर्च करते म्हणे? वाघांवर का?” तेव्हा आई म्हणाली, “पक्ष्यांवर.” कुठल्या, ते विचारायच्या आत ती भाजी आणायला निघून गेली.

मुलुंडची सोसायटी जुनी, चार मजल्यांची, दोन विंगची. फाटकाजवळ सोनमोहोर होता आणि त्याच्या एका फांदीच्या बेचक्यात, पहिल्या मजल्याच्या गॅलरीइतक्या उंचीवर, कावळ्याचं घरटं. त्यात काड्या कमी आणि इंटरनेटच्या तुटक्या वायरी जास्त. सोसायटीच्या चेअरमन बाईंनी फोनवर परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी रेवती मॅडम, सर्वेश आणि संघमित्रा असे तिघं गेले. तिघांच्याही डोक्यावर संस्थेच्या टोप्या. कुठल्याच पक्षाचा नसलेला रंग शोधता शोधता संस्थेचे लोक जांभळ्यावर येऊन पोचले होते. अगदी वांग्यांच्या ढिगात टाकली तर सापडणार नाही असा जांभळा.

घरट्यात काय आहे हे बघायला लांब काठीच्या टोकाला आरसा बांधलेला होता. काठी संघमित्राच्या हातात. टोपी भुवयांपर्यंत ओढून, जीभ दाताखाली धरून तिने आरसा हळूहळू घरट्यावर नेला. आरशात हिरवट-निळी ठिपक्यांची अंडी दिसली, आणि पुढच्याच क्षणी आकाश अंगावर आलं. कावळीण तिच्या टोपीला घासून गेली, वळली, पुन्हा आली. पाठोपाठ तिचा नवराही आला. संघमित्रा काठी टाकून पार्किंगमधल्या एका स्कूटरमागे जाऊन बसली.

“काठी टाकायची नसते,” रेवती मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण आरसा फारच जवळ गेला. पुन्हा नाही वापरायचा. लांबून बघायचं.”

खरं म्हणजे कावळ्यांत नर कोण, मादी कोण हे नुसतं बघून सांगता येत नाही. मॅडमनी हे बजावून सांगितलं होतं. पण सोसायटीने पुढे तिला कावळीणच ठरवून टाकलं, आणि संघमित्रानेही मग वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली तर फाटकात सेक्रेटरी उभे. राजाराम सावंत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, त्यांच्या धाकात परळच्या चाळीत वाढलेले आणि आता ह्या सोसायटीचे सर्वेसर्वा. हाफ पँट, पांढरा बनियन, हाताची घडी.

“परवानगी कोणाची?”

“चेअरमन मॅडमची, काका.”

“चेअरमन सही करतात. परवानगी मी देतो.”

संघमित्राला पप्पांचं बोलणं आठवलं. आदल्या संध्याकाळीच ते म्हणाले होते, “सेक्रेटरी आडवा आला ना, तर वाद नाही घालायचा. काहीतरी हातात द्यायचं. कॅलेंडर दे, पेन दे, पण रिकाम्या हाताने उभी राहू नको.” तिच्याजवळ कॅलेंडर नव्हतं. सहाही खिसे रिकामे होते. तिने डोक्यावरची टोपी काढली.

“काका, ही संस्थेची टोपी. खास तुमच्यासाठी आणलीय. ह्या प्रोजेक्टचे तुम्ही मानद सदस्य.”

‘मानद’ हा शब्द तिला ऐन वेळी कुठून सुचला कोण जाणे. सावंतांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली, आतलं लेबल वाचलं, टक्कल पडलेल्या डोक्यावर चढवली आणि पार्क केलेल्या गाडीच्या काचेत बघितलं.

“बरी बसते,” ते म्हणाले. “बी विंगच्या जिन्यातल्या खिडकीतून दिसेल तुला. वॉचमनला सांगतो, खुर्ची दे म्हणून.”

जांभळ्या टोपीतून सुटका आणि वर खुर्ची! संघमित्रा त्या दिवशी स्वतःवरच फार खूश झाली.

मग तिचं रोजचं काम सुरू झालं. सकाळी येऊन खिडकीशी बसायचं. कोण घरट्यावर बसलंय, कोण बाहेर गेलंय, चोचीत काय आणलंय ते टिपायचं. अंडी फुटली, लाल तोंडाची पिल्लं दिसू लागली आणि चोचीतल्या मालाला रंगत आली. कोळंबीची डोकी, वड्याचं कव्हर, अर्धी खांडवी, कोणाच्या तरी मांजराचं महागडं खाणं. सर्वेश गोराईहून रोज फोटो पाठवायचा. कधी बोटीतला, कधी कमरेपर्यंत चिखलात रुतलेला, नाकाची साल निघालेला. खाली लिहायचा, ‘याला म्हणतात फील्डवर्क. तू तर फील्डवर लिफ्टने जातेस यार.’ बी विंगला लिफ्ट नव्हती, पण हे सांगून उपयोग नव्हता.

आणि सावंत रोज सकाळी टोपी घालून कंपाऊंडमध्ये फेऱ्या मारू लागले.

पहिल्या दिवशी कावळीण त्यांच्या डोक्यावरून नुसती घासून गेली. दुसऱ्या दिवशी तिने टोपीवर चोच मारली. सावंतांनी हातातलं वर्तमानपत्र फिरवलं, ती शेजारच्या तारेवर बसून त्यांच्याकडे तिरकं बघत राहिली. फाटकातून दूधवाला गेला, शाळेच्या सुट्टीतली पोरं क्रिकेट खेळली, चेअरमन बाई कुत्र्याला घेऊन दोनदा झाडाखालून गेल्या. त्यांना काही नाही. सावंत आले की मात्र झाडावर काव-काव सुरू. सोसायटीला उन्हाळ्याची फुकट करमणूक मिळाली. लोक चहाचा कप घेऊन गॅलरीत यायला लागले.

“सावंत, मेंटेनन्सची नोटीस तिच्या झाडाला चिकटवली होती का हो?” दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं.

संघमित्रा हे सगळं लिहून घेत होती. ‘एकाच व्यक्तीवर वारंवार हल्ला. कारण अज्ञात.’ कारण आपल्याच हातून गेलंय, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिच्याकडे तर कावळीण ढुंकूनही बघत नव्हती. उलट एवढ्या दिवसांत आपली हिच्याशी ओळख झालीय, अशी तिची समजूत होती.

मग ते एका सकाळी झालं. कावळीण आली, टोपीची कड पंजात धरून तिने ती उडवली आणि वळून परत येताना सावंतांच्या उघड्या टकलावर टेकली. रीतसर टेकली, दोन्ही पायांनी. वर गॅलरीत त्यांची बायको वनमाला कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“शिवलो!” ती किंचाळली. “कावळो शिवलो ह्येंका!”

सावंत घाम पुसत, टोपी झटकत वर गेले. संघमित्राला वाटलं, बाईंना जखमेची काळजी असेल. तिच्या घरी कावळ्याच्या शिवण्या-न शिवण्याला कधी काही अर्थ नव्हता, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करणाऱ्या घरात तो असायचं कारणही नव्हतं. ‘शारीरिक स्पर्श. इजा नाही.’ एवढंच तिने लिहिलं.

त्याच दुपारी फलकावर नोटीस लागली. धोकादायक पक्ष्यामुळे सोनमोहोराची ती फांदी येत्या शनिवारी छाटण्यात येईल. कमिटीचा निर्णय. संघमित्रा जिने चढून सावंतांच्या दारात गेली.

“काका, पिल्लं आहेत हो अजून. पंख फुटलेत, पण उडता येत नाही. दोन-तीन आठवडे थांबा ना.”

“माणूस महत्त्वाचा की कावळा?”

“काका, पण कमिटीत कोणी कोणी ठरवलं?”

“मी ठरवलं,” सावंत म्हणाले. “कमिटी बघते.”

आतून वनमालाबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे रडून लाल झालेले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी पार पाडल्याचं समाधान होतं. त्यांनी संघमित्राला कोकम सरबत दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तू काळजी नको करू गं. मी त्याच्यावर उपाय केला आहे.”

कसला उपाय, ते संघमित्राने विचारलं नाही. ती फांदीच्या विचारात होती. संध्याकाळी तिने रेवती मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, मी उद्या येऊन बोलते, तोपर्यंत भांडू नको. घरी जाऊन ती जेवलीच नाही. पप्पा म्हणाले, “अगं, कावळे आहेत. परत बांधतील.” तर तिने पप्पांना असं काही झापलं की ते मुकाट्याने ताक प्यायला लागले. आईने तेव्हा पहिल्यांदा विचारलं, “किती पिल्लं आहेत?”

“तीन. एक जरा मागे आहे. त्याला बाकीचे खाऊ देत नाहीत.”

“मग त्याला काय मिळतं?”

“आई येते ना, ती शेवटी त्याच्याच तोंडात घालते,” संघमित्रा म्हणाली आणि तिला एकदम रडूच आलं. तिचं तिलाही आश्चर्य वाटलं. कावळ्यांसाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर पोचली. अजून खिडकीशी गेलीही नव्हती, फाटकातच होती, तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा चुरगळलेला, हातात कापडी पिशवी. रात्रभरच्या प्रवासाने डोळे सुजलेले. त्यांनी आधी इमारतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पोरी, सावंतांचा मयत ह्याच बिल्डिंगीत ना? नेल्यानी काय?”

“कोणाचं मयत, आजोबा?”

“माज्या भावाचा. राजारामाचा.” त्यांनी पिशवी छातीशी धरली. “दोन वर्सां बोलाक नाय मी त्याच्याशी.”

काल दुपारी तर काका ठणठणीत होते, नोटीस लावत होते. संघमित्रा “आजोबा, तुम्ही जरा बसा” म्हणते आहे तोच ए विंगच्या कोपऱ्यावरून, हात जोरजोरात हलवत, जांभळी टोपी घातलेले राजाराम सावंत सकाळच्या फेरीला वळून आले.

म्हाताऱ्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यातून फणसाचे गरे भरलेला एक डबा घरंगळला. ते सोनमोहोराच्या कट्ट्यावर मटकन बसले.

राजारामही जागच्या जागी थांबले. “सहदेवा? तू खयसून इलस?”

“मेल्या, तू जितो आसस?”

“मगे? माका काय झाला?”

“तुका पोचवूक इलंय मी!” सहदेव उठले. “रातभर गाडयेत रडलंय! बाजूच्या बायेन माका बिस्किटा दिल्यान! आणि तू हय टोपी घालून फिरतंस?”

“पण माका मारल्यान कोणी?”

याचं उत्तर गॅलरीतून आलं. वनमालाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. “मी सांगितलं भावजींना. कावळा डोक्याला शिवला तुमच्या. शिवला की नात्यात खोटी बातमी धाडायची, कोणी रडलं की संकट टळतं. माझ्या आईने बाबांसाठी असंच केलं होतं. मग तासाभराने खरं सांगायला फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, हे फोन घरीच विसरून स्टेशनवर गेले.”

“मला न विचारता मारलंस?” राजाराम वर बघून ओरडले.

“विचारून मारतात का?”

वरच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. कोणीतरी हसलं आणि पटकन खोकलं. संघमित्राला कळेना की ह्या कौटुंबिक प्रकरणात आपण उभं राहावं की जिन्यात जावं. ती डबा उचलण्याच्या निमित्ताने उभीच राहिली.

भावांचं मात्र आता रंगात आलं. दोन वर्षांपूर्वी वनमालाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून राजारामांनी त्या वर्षी घरचा गणपती मुलुंडला बसवायचं म्हटलं. सहदेव म्हणाले, गणपती गावचं घर सोडून जायचा नाही. शेवटी दोन्हीकडे गणपती बसले आणि दोघांनी एकमेकांचे फोन घेणं बंद केलं. ते सगळं आता कंपाऊंडच्या मधोमध पुन्हा बाहेर आलं. बोलता बोलता सहदेवांनी रागाने भावाच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली. “बघू दे तरी तोंड तुजा नीट!” आणि तोंड बघितल्यावर ते गप्प झाले. राजाराम दोन वर्षांत बरेच थकले होते. काय करावं हे न सुचून, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून म्हणा, त्यांनी ती टोपी स्वतःच्याच डोक्यावर घातली.

काव! कावळीण खाली आली ती सरळ सहदेवांवर. राजाराम दोन हातांवर उघड्या टकलाने उभे, त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

“अरे, ह्या कावळ्याचा आणि माजा काय वैर? मी आताच इलंय!” सहदेव खाली पडलेली पिशवी उचलून डोक्यावर धरत ओरडले.

संघमित्रा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यात काठी, आरसा, भुवयांपर्यंत ओढलेली टोपी, ‘मानद सदस्य’ हे सगळं एकापाठोपाठ एक येऊन बसलं. “टोपी!” ती म्हणाली. “आजोबा, टोपी काढा!”

सहदेवांनी काढली. कावळीण वळून तारेवर बसली. संघमित्राने वॉचमनचा खराटा घेतला, दांड्यावर टोपी अडकवली आणि लांब धरला. कावळीण खराट्यावर आली. टोपी खाली ठेवून नुसता खराटा धरला, ती आली नाही.

गॅलऱ्यांतले लोक कठड्यावरून वाकून बघत होते.

“काका,” संघमित्रा म्हणाली, “ती तुमच्यावर नाही चिडलेली. माझ्यावर चिडलीय. पहिल्या दिवशी मी हीच टोपी घालून तिच्या घरट्यात आरसा घातला होता. मग ती टोपी तुम्हाला दिली. मला खरंच नव्हतं माहीत.”

“म्हणजे,” राजाराम सावकाश म्हणाले, “इतके दिवस तुझा मार मी खाल्ला?”

“हो, काका.”

“मानद सदस्य म्हणून?”

तिने जमिनीवरची टोपी उचलून पाठीमागे धरली. राजारामांचा चेहरा तापत चालला होता. तेवढ्यात मागून एक आवाज आला, कोरडा, खरखरीत. सहदेव हसत होते. कट्ट्यावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “टोपी तिची, टक्कल तुजा, आणि रडलंय मी!” राजारामांनी भावाकडे रागाने बघितलं, मग त्यांचाही ओठ हलला, आणि मग दोघंही म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत राहिले. वर वनमालाबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “आता वर या दोघं. चहा गार होतोय.” चहा अजून ठेवलेलाही नव्हता.

अकराच्या सुमारास रेवती मॅडम आल्या, त्या फांदीसाठी भांडायच्या तयारीने. पण सावंतांनी नोटीस आधीच काढून घडी करून खिशात घातली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग संघमित्राला जिन्यात नेऊन, आवाज न चढवता पाच मिनिटं चांगलं सुनावलं. प्रयोगात वापरलेली वस्तू अशी कोणाला देतात का? त्या माणसाच्या डोळ्याला लागलं असतं तर? संघमित्राने मान खाली घालून ऐकलं. सुनावून झाल्यावर मॅडमचा चेहरा हळूहळू बदलला.

“खराटा कोणी सुचवला?”

“कोणीच नाही. हाताला लागला.”

“चांगला होता,” मॅडम म्हणाल्या. “आता हे नीट करू. पण दोनदाच. पिल्लं आहेत, तिला जास्त त्रास नको.”

नीट करायचं म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या टोप्या घालून झाडाखालून जायचं. जांभळी टोपी कोण घालणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सहदेव पुढे झाले. “माका द्या. मी तसो पण मयताक इलंय.” त्यांच्यासाठी वनमालाबाईंनी आत स्टीलची चाळण बसवून दिली. राजाराम पांढऱ्या टोपीत, चेअरमन बाई निळ्या, मॅडम बोडक्या डोक्याने. कावळीण चुकली नाही. चाळणीवर चोचीचा टण्ण असा आवाज आला तेव्हा गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या आणि सहदेवांनी वर बघून हात हलवला.

मे महिन्यात कोकणात जायची तिकिटं मिळणं कठीण, म्हणून सहदेव राहिले. तिकीट मिळालं तेव्हाही राहिले. सकाळी ते संघमित्राच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसत, घरट्याकडे बघत आणि राजारामाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. मध्येच राजाराम चहा घेऊन येत आणि त्या सगळ्या गोष्टी खोट्या असल्याचं सांगत. ह्या गडबडीत तिची पहिली दोन पिल्लं उडाल्याची नोंद पाच मिनिटं उशिरा झाली. मागे राहिलेलं पिल्लू मात्र तिघांनीही पाहिलं. ते फांदीवर आलं, खाली बघितलं, परत घरट्यात गेलं, पुन्हा आलं, आणि उडण्यापेक्षा पडलंच जास्त. समोरच्या शेडवर आपटून उभं राहिलं आणि रागाने ओरडायला लागलं. कावळीण चोचीत काहीतरी घेऊन लगेच तिथे हजर.

“पोचलो एकदाचो,” सहदेव म्हणाले. राजारामांनी नाक शिंकरलं. धूळ फार होती, असं त्यांचं म्हणणं.

जुलैत संस्थेत इंटर्न मुलांनी आपापलं काम मांडलं. सर्वेशने खेकड्यांवर छान तक्ते दाखवले, फक्त शेवटच्या फोटोत त्याचा एक बूट चिखलातच राहिल्याचं सगळ्यांना दिसलं. संघमित्राचा नंबर आला तेव्हा मागच्या रांगेत पप्पा आणि आई बसले होते, आणि पहिल्या रांगेत, तज्ज्ञांच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून राजाराम सावंत आणि वनमालाबाई. तिने सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली. मयताचा भाग गाळला.

एका वयस्कर शास्त्रज्ञांनी चष्मा काढून विचारलं, “बाळ, एका घरट्यावरून काय सिद्ध होतं?”

“काहीच नाही, सर,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी जास्त घरटी घ्यावी लागतील.”

सावंत उठून उभे राहिले. “सर, आमच्याकडे अजून चार झाडं आहेत. परवानगी मी देतो.”

सभागृह हसलं, पण शास्त्रज्ञांनी ते लिहून घेतलं. बाहेर चहाच्या वेळी संस्थेच्या कोणीतरी जयाताईंना विचारलं, तुमची मुलगी कशावर काम करते? तेव्हा आईने मान जरा ताठ केली. “कावळ्यांवर,” ती म्हणाली, आणि मग त्या माणसाला धाकट्या पिल्लाची सगळी हकीकत ऐकवली. तिच्या चहावर साय धरली.

सहदेव तोवर गावी परतले होते. यंदा गणपतीला राजाराम-वनमाला कुडाळला जाणार असं ठरलं होतं. अर्थात आरती किती वाजता करायची यावरून फोनवर नवीन वाद सुरू झाला होता. पण आता फोन तरी होत होता. आणि संघमित्राच्या मोबाइलवर दर एक-दोन दिवसांनी कुडाळहून आवाजी निरोप येऊ लागला. तो ठरलेल्या वाक्याने सुरू व्हायचा, “पोरी, हयल्या माडार दोन कावळे बसले आसत, लिहून घे.” पुढची चार मिनिटं मात्र कावळे बाजूला राहून राजारामाची आणि स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याची तक्रार असायची. ती जेवताना तो निरोप मोठ्याने लावायची. पप्पा घास हातात धरून ऐकायचे, आई म्हणायची, “अगं, त्यांना विचार, माडावर कावळा बसतो की घरटं करतो?” मग संघमित्रा तोंडातला घास संपवून, फोन तोंडाशी धरून विचारायची, आणि पलीकडून उत्तर यायच्या आधीच आई म्हणायची, “आणि त्यांच्या गुडघ्याचं पण विचार.”